तिसरा पुकारा

४ मार्च, सोमवार

वकिलीचा आज पहिला दिवस, आणि डायरी लिहायचाही. डायरी बाबांनी दिली. पहिल्या पानावर त्यांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलंय, 'वकीलसाहेबांस, शिपायाकडून.' उगाच रडवतात.

बाबा तीस वर्षं कोर्टाच्या दारात उभं राहून नावं पुकारायचे. तीनदा पुकारायचं. तिसऱ्या पुकाऱ्यालाही कोणी आलं नाही की नावापुढे 'गैरहजर' असा शेरा, आणि त्या माणसाशिवायच निकाल. तिसऱ्या पुकाऱ्याआधी बाबा मुद्दाम दम घ्यायचे आणि जिन्याकडे बघत राहायचे, कोणी धावत येतंय का म्हणून. आतून न्यायाधीश खेकसले तरी पठ्ठ्या दम घ्यायचाच. दोन वर्षांपूर्वी घशाच्या ऑपरेशनमध्ये त्यांचा आवाज गेला. आता पाटीवर लिहून बोलतात. मी कोर्टात पहिल्यांदा उभी राहीन तेव्हा ते समोर बसलेले असावेत, एवढं एकच मला हवंय.

ऑफिस झकास आहे. छतापर्यंत कपाटं, जुन्या कागदांचा वास, माझ्यासाठी खिडकीजवळचं टेबल. साहेबांनी माझं नाव विचारलं नाही. 'नवीन' म्हणून हाक मारली, मग सगळ्यांनीच तेच सुरू केलं. कारकूनकाका इथे पंचवीस वर्षं आहेत. सगळ्यांना चहा देऊन झाला की ते एक कप कपाटामागच्या रिकाम्या खुर्चीपुढेही ठेवतात. कोणासाठी म्हणून विचारलं तर म्हणाले, सवय आहे. असेल. आमचे बाबा निवृत्त होऊनही घरातल्या दाराशेजारीच उभे राहतात.

८ मार्च, शुक्रवार

नव्याचे नऊ दिवस म्हणतात. माझे अजून चार शिल्लक आहेत.

पानांवर आकडे घालणं, फायली दोऱ्याने बांधणं, हेच काम आहे, पण मी गाणं गुणगुणत करते. हजेरीपट साहेब स्वतः भरतात, तपकिरी शाईने. त्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे, जे कागदावर नाही ते घडलंच नाही. सगळे हसले, मीही हसले.

आज शिवणकाम करणाऱ्या एक आजी आल्या होत्या. चाळीस वर्षं एकाच खोलीत राहतात, तिथेच मशीन. आता मालकाला खोली रिकामी हवी आहे. माझ्या कोटाचं सुटलेलं बटण त्यांनी बसल्या बसल्या शिवून दिलं. त्या गेल्यावर साहेब म्हणाले, बारकी केस आहे, १० एप्रिलला तूच उभी राहा.

बाबांना लगेच गावी मेसेज केला. उत्तर आलं, 'कोट इस्त्रीला टाकला.' अजून महिना आहे, बाबा.

१३ मार्च, बुधवार

आजींची फाईल वाचली. मालकाच्या दाव्याला उत्तर द्यायची शेवटची तारीख २८ फेब्रुवारी होती. उत्तर गेलंच नाही. खोली सोडा असा निकाल लागूनही गेलाय. १० एप्रिलला कोर्ट एवढंच विचारणार, उत्तर का दिलं नाही. कारण पटलं तर आजींना पुन्हा संधी, नाहीतर रस्ता.

आणि उत्तर तयार होतं. आजींच्या सहीसकट साहेबांच्या खणात पडलं होतं. मी ते काढून सगळ्यांसमोर त्यांच्यापुढे ठेवलं. केवढी हुशार मी. हात दाखवून अवलक्षण. साहेब नुसते हसले, आणि खोलीतले बाकी सगळे खाली बघायला लागले.

१५ मार्च, शुक्रवार

साहेबांनी एक टाईप केलेला कागद दिला. 'उत्तर देण्याचे काम माझ्याकडे होते. माझ्या निष्काळजीपणामुळे ते राहिले.' खाली माझ्या सहीची जागा. चोर सोडून संन्याशाला फाशी.

मी म्हटलं, साहेब, २८ फेब्रुवारीला मी इथे नव्हतेच.

त्यांनी शांतपणे हजेरीपट उघडला. २८ फेब्रुवारीच्या रकान्यात माझं नाव लिहिलं, पुढे 'हजर'. मग पानं उलटून आजच्या तारखेला माझ्या नावापुढे 'गैरहजर'. म्हणाले, तेव्हा तू होतीस, आता नाहीस. सही केलीस की बदलू.

त्यानंतर दिवसभर माझ्याशी कोणी बोललं नाही.

१८ मार्च, सोमवार

अजून तेच चाललंय. रोज सकाळी 'गैरहजर', आणि सगळे खेळात सामील. शेजारच्या टेबलावरची, जिला मी गेल्याच आठवड्यात माझा अर्धा डबा दिला, ती माझ्याच टेबलावर फायली रचून गेली, माझ्या हातावर. वरिष्ठ म्हणवणारे दोघं माझ्यासमोर उभे राहून म्हणाले, नवीन कशी टिकणार, नाजूक होती. 'होती' म्हणाले. काकांनी चहा दिला नाही.

बाथरूममध्ये जाऊन रडले. कोणी ओरडलं असतं तर ओरडले असते. हा तोंड दाबून बुक्क्यांचा मार आहे. घरी कोणाला सांगू की मला काय झालंय? कोणी बोलत नाही, एवढंच?

सही केली तर वकिली पहिल्याच महिन्यात संपली. बाबा काय म्हणतील? काही म्हणणार नाहीत. पाटी पुसत बसतील.

२१ मार्च, गुरुवार

बसच्या ड्रायव्हरने माझ्या तोंडावर दार लावून घेतलं. योगायोग असेल.

दुपारी आजी आल्या. माझ्या टेबलासमोर उभ्या राहिल्या आणि काकांना विचारलं, ती मुलगी कुठाय? मी म्हटलं, आजी, ही काय मी. काका म्हणाले, हल्ली येत नाही ती. मी आजींचा हात धरला. सुया टोचून टोचून खरखरीत झालेली बोटं. त्यांनी हात झटकला, माशी बसावी तसा.

म्हणाल्या, चांगली होती पोरगी.

आजी खोटं वागणाऱ्यांतल्या नाहीत. हा खेळ नाहीये.

२६ मार्च, मंगळवार

बाबांना मेसेज जात नाहीत. त्यांचे येतात.

काल, 'रागावलीस का?'

आज सकाळी, 'काही हरकत नाही. कामात असशील. १० तारखेला येतोच.'

मी अकरा वेळा लिहिलं. बाबा, मी आहे. अकराही वेळा—

१ एप्रिल, सोमवार

घरमालकीणबाई कुणा जोडप्याला माझी खोली दाखवत होत्या. मी पलंगावर बसले होते. जोडप्यातली बाई म्हणाली, खोलीत जरा गारवा आहे नाही?

तीन दिवस जेवले नाही. भूकच नाही. हे सगळ्यात वाईट.

४ एप्रिल, गुरुवार

कपाटामागच्या खुर्चीत माणूस आहे. पहिल्यापासून होता. पिकलेले केस, काळा कोट कोपरांवर विरलेला. मला बघून उठून उभा राहिला. इतक्या दिवसांत माझ्यासाठी कोणी उठलं नव्हतं.

तोही 'नवीन' होता. त्यानेही सही केली नव्हती.

त्याने एकच विचारलं, मला शोधायला कोणी आलं होतं का?

मी हो म्हटलं. खोटं बोलले. तो म्हणाला, आई असेल.

चहाच्या वेळी काका आले. कपाटामागे दोन कप ठेवले. मान वर केली नाही. त्यांना माहीत आहे. पंचवीस वर्षं त्यांना—

८ एप्रिल, सोमवार

हरले. सही करते. आजींची खोली तरी वाचेल. बाबांना मी दिसेन तरी.

साहेबांच्या टेबलावर तो कागद अजून होता. सही केली. उमटली नाही. दुसरं पेन. तिसरं. साहेबांचंच तपकिरी शाईचं. दाबून, कागद फाटेल इतकं.

कोरा.

खुर्चीतला म्हणाला, मीही करून पाहिलं होतं, पोरी.

१० एप्रिल, बुधवार. कोर्टात.

बाबा आलेत. इस्त्रीचा कोट. पाटी मांडीवर. शेजारी जागा धरून ठेवलीय, रुमाल टाकून. माझ्यासाठी. मी त्या रुमालावर बसलेय.

पाटीवर आधीच लिहून आणलंय. 'छान बोललीस.'

बाबा—

आजी पुढे. साहेब बोलतायत. चूक त्या मुलीची, २८ फेब्रुवारीला हजर होती, हा हजेरीपट, आता पळून गेलीय. न्यायाधीश म्हणाले, तिचं म्हणणं ऐकल्याशिवाय मी कारण मानणार नाही. पुकारा.

शिपाई दारात गेला. माझं नाव. पूर्ण नाव. महिन्याभरात पहिल्यांदा कोणी—

हजर. ओरडले. हजर.

दुसरा पुकारा. बाबा उभे राहिले. पाटी पडली, फुटली. दाराकडे चाललेत. मीही— लिहिता लिहिता—

बाबांनी शिपायाचा हात धरलाय. तिसरा नको. मानेने सांगतायत, मी पुकारतो. शिपाई त्यांना ओळखतो. बाजूला झाला.

बाबा दारात. आवाज नाही त्यांना. दम घेतायत. जिन्याकडे बघतायत, मी धावत येतेय का. मी समोर आहे. त्यांच्या कोटाची बाही धरलीय. आतून न्यायाधीश खेकसले. बाबा अजून दम घेतायत. घ्या बाबा. घेत राहा. पुकारू नका.

डोळे भरले त्यांचे. तोंड उघडलं—

हजर बाबा हज