थर वाळेपर्यंत

प्रिय ठमे,

तुझ्याकडून परत आलो तो अंग टाकूनच दिलं, म्हणून पत्राला उशीर. आताशा थोडं काम केलं तरी हात भरून येतात. दारातच तू रडवेली होऊन विचारलंस, सगळी जमीन उखडावी लागेल का? चहाच्या गडबडीत नीट सांगणं झालं नाही, तर आता ऐक.

उखडू नका. लाद्या बसवायच्या आधी काँक्रीटवर सपाटीसाठी ओतलेला तो जिप्समचा थर मी खोलीभर नाण्याने ठोकून पाहिला. मी काही शिकलेला नाही, पण ठोकून ठोकून कान तयार झालाय. बहुतेक ठिकाणी भरीव वाजतो, म्हणजे खालच्या काँक्रीटला घट्ट धरून आहे. कोळ्याच्या जाळ्यासारख्या त्या बारीक भेगा वरवरच्या आहेत, भरून घ्या. दारातली सरळ भेग वेगळी. तिच्या बरोब्बर खाली काँक्रीटचा सांधा आहे. तो हलला की ही हलणार. ती बुजवू नका, वरून पट्टी बसवा. खिडकीखालचा कोपरा मात्र पोकळ वाजतो, खाली धूळ राहिली असणार. तेवढाच काढून, साफ करून पुन्हा ओता.

जाळं कशाने पडलं विचारलं, तर तू नि तुझा नवरा दोघंही छताकडे बघत बसलात. चादरीखाली झाकलेला हीटर दिसला की मला! थर ओला असतानाच तो पेटवलात, वर पंखा. वरून सुकलं, आत ओलंच. चिरणार नाही तर काय? ओल्या केसांची वेणी घालून शाळेत पळणारी पोर तू, आई कपाळाला हात लावायची.

घाई कशाची, तेही ठाऊक आहे. ती खोली माझ्यासाठी. आई गेल्यापासून तू बोलावतेस, आणि माझे हातपाय चालताहेत म्हणून मी उडवून लावतो.

आता तुझ्या नवऱ्याने न सांगितलेलं सांगतो. मीच त्याला गप्प बसवलं होतं. तू चहा टाकायला गेलीस तेव्हा मी कोपऱ्यात गुडघे टेकून बसलो, आणि उठताच येईना. त्याने काखेत हात घालून उभं केलं, वर म्हणाला, बाबा, जमीन फारच आवडलेली दिसते. दोघंही हसलो. बसमध्ये मात्र हसू आलं नाही. तेव्हा आता घाई करू नका. जमिनीवर प्लास्टिकचा तुकडा चिकटवून ठेवा, त्याखाली घाम धरायचा थांबला की मगच लाद्या. तोवर मी थांबतो. फक्त पलंग भिंतीलगत लाव, उठताना धरायला काहीतरी लागतं.

तुझाच हट्टी,
बाबा