मासे दोनदा जेवले

अबोला अजून सुटलेला नाही, हे आधीच सांगून ठेवते. ही चिठ्ठी माशांसाठी आहे. त्यांना वाचता येत नाही, म्हणून तुला लिहावी लागतेय.

सकाळी सगळे मासे वर तोंड काढून धापा टाकत होते आणि टाकीला नाक धरावं असा वास. तेवढ्यात तू ऑफिसला निघताना मूठभर खाद्य टाकलंस. अरे, मी उठल्या उठल्या घातलं होतं! मी रोजच घालते. तूही रोज घालतोस, हे आज कळलं. विचारणार कोण, बोलतंय कोण! दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. आपला अजीर्णाने मरायला टेकलाय. टाकीवरच्या ट्रेमध्ये माशांच्याच पाण्यावर वाढणारा पालक तेवढा आपल्या भांडणावर माजलाय.

अर्धं पाणी बदललंय. गाळणीतले खडे टाकीच्याच पाण्यात विसळलेत. ते साबणाने घासू नकोस. माशांच्या घाणीचं खत करणारे जंतू त्या खड्यांवर राहतात. मागच्या वेळी तुझ्या स्वच्छतेने त्यांचा निर्वंश झाला होता.

हवेचा पंप रात्री बंद करायचा नाही. हॉलमध्ये झोपलं की तो कानाशी घरघरतो, मान्य. आतल्या खोलीत ऐकू येत नाही, एवढंच सांगते.

मी कामावर निघाले, संध्याकाळी येते. आज माशांना काहीही घालू नकोस, कितीही बघत राहिले तरी. त्यांना उपास आहे.

तू मात्र जेवायला थांब.