अर्पिताच्या हाताचा पट्टा

प्रिय गौरी,

फोन उचलत नाहीस. तुझे आण्णा रोज 'ती कामात हाय' म्हणतात. शेवटी वहीचं पान फाडून लिहायला बसलो. लेकीला घेऊन तू परंड्याला माहेरी गेलीस त्याला आज सतरा दिवस झाले. इथं ईट गावात येणारा-जाणारा विचारतो, गौरी कधी येणार? काय सांगू त्यांना? नुसता वैताग आलाय.

सात वर्षं पोरीचा हात पालथाच होता. हातावर काही ठेवलं की खाली पडायचं. विहारात वंदनेला हात जोडता यायचे नाहीत. मेंदूच्या दुखण्यानं आखडलेला स्नायू सोलापूरच्या डॉक्टरांनी ऑपरेशन करून सोडवला, वळवून जोडला. प्लास्टर निघालं, तळहात वर आला आणि तू दवाखान्यातच रडायला लागलीस. मग सहा महिने हात सरळ धरणारा पट्टा. अंघोळ आणि व्यायाम सोडला तर काढायचाच नाही, नाहीतर हात परत आखडेल, असं त्यांनी दोनदा बजावलं होतं. तरी मागच्या तपासणीत हात थोडा फिरलेला निघालाच. ऑपरेशन वाया गेलं तर काय, या धास्तीनं जेवण जात नाही.

दुसऱ्याच दिवशी तू बचत गटातून लवकर आलीस आणि आईच्या हातात तो पट्टा दिसला. तू नाही नाही ते बोललीस. म्हातारी घरात असेपर्यंत पाऊल ठेवणार नाही म्हणालीस. आई एका शब्दानं बोलली नाही. चार दिवसांनी पिशवी भरून सास्तूरला मावशीकडं निघून गेली. मला तुझा राग येतो, तिच्या गप्प बसण्याचा येतो. पण खरा राग माझाच आहे.

गुरुवारी तपासणी आहे, आणि डॉक्टर पट्ट्याचं विचारतील, त्याआधी खरं काय ते तुला कळायला हवं. पट्टा मी काढायचो. रोज दुपारी, तू बचत गटात गेलीस की. अर्पिता तळहात पुढं करायची, मी त्यावर शेंगदाणे ठेवायचो, एकही पडायचा नाही. पारावरच्या चार माणसांना नेऊन दाखवायचो. अर्धा तास म्हणता म्हणता दोन तास व्हायचे. 'पोरीचं वाटोळं करतो का रं,' म्हणून आई मला शिव्या घालायची. त्या दिवशी तू ओरडलीस तेव्हा मी दारातच होतो, आणि माझं तोंड उघडलं नाही. माझ्यासाठी येऊ नकोस, पण आईवरचा आळ काढ. तू आलीस तेव्हा ती पट्टा सोडत नव्हती गं, बांधत होती.

तुझाच,
राजपाल