पालथी झोपणारी मुलगी

२ जून
साठी जवळ आली आणि नोकरी लागली. वेबसाइट बनवणाऱ्यांचं छोटंसं ऑफिस. मालकीण माझ्या लेकीच्या वयाची; मला मावशी म्हणते, चहाही तीच करते. काम गोड आहे. गूगलसारख्या शोधयंत्राला फोटो दिसत नाही, म्हणून प्रत्येक फोटोमागे त्याचं वर्णन लिहायचं. जितकं नेमकं, तितकं शोधात पान वर. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर असंच चित्रवर्णन लिहून घ्यायच्या. नात म्हणाली, म्हणजे आजी, तू आंधळ्याची काठी झालीस.

६ जून
सुताराची वेबसाइट. मुलांच्या पलंगाचा फोटो नव्हता. नातीचा पलंग त्यानेच केलेला, म्हणून त्याचाच फोटो घरून काढून आणला. लिहिलं : खिडकीजवळचा पलंग, निळी चादर. दुपारी इथे सहा वर्षांची मुलगी पालथी झोपते. पाठ टेकली की तिला भीती वाटते. मालकीण हसली. म्हणाली, मावशी, पलंग विकायचाय, नात नाही. पण राहू दिलं.

१३ जून
पान पहिलं आलं. लोक काय टाइप करून पोचतात तेही दिसतं. बहुतेक जण ‘मुलांचा पलंग’. एकजण मात्र रोज, ‘पालथी झोपणारी मुलगी’. सुतार म्हणाला, असेल एखादं हौशी गिऱ्हाईक.

१५ जून
आज त्या रोजच्या माणसाने टाइप केलं, ‘पालथी झोपणारी मुलगी कुठली खिडकी’. वर्णन पुसलं. मालकिणीनेही खात्री केली.

१६ जून
वर्णन परत आलंय. शेवटी एक वाक्य जास्त. माझं नाही. ‘मुलगी आता पाठीवर झोपते.’
धावत घरी. नात उताणी, डोळे उघडे. म्हणाली, आजी, तो म्हणतो असं झोपलं की चेहरा दिसतो.

१७ जून
नातीला घेऊन लेक दिराकडे गेली. फोटो काढून टाकला, पान तसंच. नवा शोध : ‘मुलगी कुठे गेली’.
मालकीण घाबरलीय. म्हणाली, पुसलं तरी यंत्र विसरत नाही. त्यावर नवं लिहावं लागतं, आणि तेही खरं. खोटं असलं तर जुनंच धरून बसतं.

१८ जून
लिहिलं : या पलंगावर आजी झोपते. मुलगी इथे नाही.
ते खरं व्हावं म्हणून आता त्यावर झोपलेय. पाय मुडपून, पालथी. भर दुपार आहे, घाबरायचं काय —

मालकिणीचा फोन. नवं वर्णन टिकलंय. त्याचे शोधही थांबले. मी म्हटलं, सुटलो बाई. ती म्हणाली, मावशी, सापडलं की माणूस शोधत नाही —

खिडकीतलं ऊन गेलं. ढग नाहीत.

पोर लांब आहे. बास —

खांद्यावर हात. अगदी हळू. मला उताणी करत —