सुलू चार, मी पाच

४ मार्च
कुठलंही उपकरण तपासायला घेतलं की आधी त्याचं वर्णन लिहायचं, ही कामातली सवय. म्हणून: पंचशीला, वय २७. मोठं आतडं नाही. अल्सरेटिव्ह कोलायटिसने ते कामातून गेलं होतं, गेल्या वर्षी काढून टाकलं. लहान आतड्याच्या टोकाची इंग्रजी 'जे'सारखी पिशवी शिवून आतच जोडली आहे. जे-पाउच. पोटावरची तात्पुरती पिशवी डिसेंबरमध्ये सुटली. आता सगळं नेहमीच्या वाटेने जातं. फक्त फार वेळा जातं.

वजन ४३.६. सर्जन म्हणतात, २२ एप्रिलला ४६ भरलं तर साइटवर जायचं फिटनेस सर्टिफिकेट देतो. मी कारखान्यांतले वजनकाटे कॅलिब्रेट करते, म्हणजे प्रमाणित वजनांशी जुळवून देते. सध्या माझ्या साइट्स माझा ज्युनिअर अभिनव करतोय. आठवड्याला साडेतीनशे ग्रॅम वाढवायचे आहेत. सोपं आहे.

४ मार्च, संध्याकाळी
एक राहिलं. क्लिनिकमध्ये आहारतज्ज्ञ निशा मॅडमनी सुलूशी ओळख करून दिली. उत्तनची, आईबरोबर मासळी विकते. तेच ऑपरेशन, तोच सर्जन, तोच महिना. मॅडम म्हणाल्या, बोला एकमेकींशी, आधार वाटेल.

सुलूने भरल्या वेटिंग रूममध्ये, दाराच्या बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, बाय, तुला दिवसाला संडासच्या किती फेऱ्या? समोरच्या काकांनी पेपर खाली केला. मी सांगितलं, पाच.

खरा आकडा आठ आहे. पण पाचवर येणारच आहे, तेव्हा याला अंदाजित मूल्य म्हणता येईल.

सुलूने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, मला चार.

तिचं वजन ४५.१. काय खातेस विचारलं, तर म्हणाली, जा समोर येल ता खाते, पोटाला काय विचारत न्हाय.

६ मार्च
मला सुलूबद्दल असूया वाटत नाही. ती केवळ एक बेंचमार्क आहे. एकाच माणसाने शिवलेल्या दोन पाउचांत एवढा फरक का, हा तांत्रिक प्रश्न आहे.

विचार केला. तिच्या फेऱ्या कमी, म्हणून अन्न तिच्या अंगी लागतं. म्हणजे क्रम असा: आधी फेऱ्या चारवर आणायच्या, वजन मागाहून आपोआप येईल. निशा मॅडमनी दिवसातून सहा वेळा थोडं थोडं खायला सांगितलंय. सहा वेळा आत गेलं तर बाहेर किती वेळा येणार, हे त्यांनी कागदावर मांडून बघितलेलं दिसत नाही.

११ मार्च
संध्याकाळी सहानंतर खाणं बंद. दूध बंद. दुपारचा भात निम्मा. फेऱ्या सहा.

वजन ४३.०. आज पातळ कुर्ता होता.

आई म्हणाली, गालफडं बसली तुझी. आईची निरीक्षणं डोळ्यांनी केलेली असतात, त्यांना एकक नसतं.

१५ मार्च
सुलूचा व्हॉइस मेसेज. पावणेतीन मिनिटांचा. काल चुलत बहिणीची हळद होती, पापलेटचं कालवण, दोन ताटं भात, मग नाचली. मागे बँड वाजत होता, आणि त्याच्यावर ती ओरडून सांगत होती की बाय, मजा आली. शेवटी सहज म्हणाली, आता कधी कधी तीनच होतात.

तीन.

तीन वेळा ऐकला. तीनच म्हणतेय.

मी उत्तर पाठवलं: छान. माझ्या चार. (सहा.)

आईने विचारलं, कोणाचा मेसेज? मी म्हटलं, मैत्रिणीचा. आईला इतका आनंद झाला की पुढचं काही सांगितलं नाही.

२३ मार्च
प्रयोग: संदर्भ व्यक्तीचाच आहार घ्यायचा. सुलू सुका जवळा खाते. भाईंदरच्या बाजारातून जवळा आणला. निशा मॅडमच्या यादीत सालं, कोंडा, मका, सुकामेवा यांवर फुली आहे. जवळ्यावर नाही. आई म्हणाली, अगं त्याची टरफलं टोचतील तुला, भिजवून वाटून तरी देते. मी म्हटलं, सुलू वाटून खात नाही. आईने विचारलं, सुलू कोण आहे, डॉक्टर?

२४ मार्च
अकरा. पोटात कळा, खुर्चीवर उशी घेऊन बसले. हा डेटा पॉइंट वगळला आहे.

१ एप्रिल
अभिनवचा फोन. चेण्याच्या खडी कारखान्याचा वजनकाटा लोड दिला की प्रत्येक वेळी वेगळंच वजन दाखवतोय, काय करू मॅम? मी सांगितलं, लोड सेलखाली, म्हणजे वजन झेलणाऱ्या सेन्सरखाली, खडी अडकली असेल. खडीच निघाली. तो म्हणाला, मॅम तुम्ही आरामात या, मी आहे ना.

नंतर त्याने घोडबंदर रोडच्या ढाब्यावरून जेवणाचा फोटो पाठवला. छोले, वर कच्चा कांदा, बाजूला मक्याचं कणीस. इतका चोथा एका ताटात मी वर्षभरात पाहिला नव्हता. मजकूर: मिसिंग यू मॅम.

'मी आहे ना' हे वाक्य मला आवडलं नाही.

८ एप्रिल
चार.

फक्त चार. सुलूच्या एक मागे. दिवसभरात पेज, दोन केळी, अर्धा बटाटा. आता सिस्टम हातात आली आहे. जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी आली, उन्हाळा आहे. पाउच रिकामा असला की जे येतं ते पाण्यासारखं असतं आणि आग होते, पण आग मोजायची नव्हती, फेऱ्या मोजायच्या होत्या.

वजन ४१.९. काटा तपासला. दहा किलोच्या तांदळाची सीलबंद पिशवी ठेवली, पाच किलोची कणीक ठेवली, दोन्ही एकत्र ठेवली. काटा बरोबर आहे. मीरा रोडमध्ये घराघरांत चुकीचे काटे आहेत, आमचाच नेमका बरोबर.

आई दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, पिशव्या मोजतेयस त्यापेक्षा त्यातलं शिजवून खा. मग म्हणाली, चौदा तास ऑपरेशन थिएटरच्या बाहेर बसले होते मी, ते तुला असं उपाशी बघायला नाही. मी म्हटलं, मी उपाशी नाही, ऑप्टिमाइझ करतेय. ती आत गेली आणि कुकर लावला. शिट्ट्या खूप झाल्या.

सुलूला कळवलं: तीन. तिचं उत्तर: वा गं बाय.

एवढंच. त्यात जरा जळफळाट दिसला. बरं वाटलं.

२१ एप्रिल
उद्या अपॉइंटमेंट. उरलेली तूट भरून काढायचा प्लॅन तयार: वजनाच्या दहा मिनिटं आधी दीड लिटर पाणी. दीड लिटर म्हणजे दीड किलो, यात वादाला जागा नाही. जाड जीन्स. खिशात चाव्या. सुलूही उद्याच येतेय. तिला सर्टिफिकेट दाखवायचं नाही, पण फाइल उघडी ठेवायला हरकत नाही.

२२ एप्रिल
पाणी वेळेवर प्यायले. सर्जन एका तातडीच्या केसमध्ये अडकले. तास गेला. त्या तासात पाणीही गेलं.

४१.४. जीन्स धरून. चाव्या नर्सने काढून ठेवायला लावल्या.

सुलू ४७.२. चप्पल काढून.

निशा मॅडमनी दोघींना एकत्रच आत बोलावलं आणि फेऱ्या विचारल्या. मी तोंड उघडायच्या आत सुलू म्हणाली, नऊ. कधी आठ. हळदीच्या दिवशी बारा.

मी म्हटलं, तू तीन म्हणाली होतीस.

सुलू म्हणाली, तुज्यामुळंच बोलले. पहिल्या दिवशी तू पाच बोललीस, मला वाटला, ही शिकलेली पोर, हिचा बरोबर असल, माजाच कायतरी बिगारलाय. लाज वाटली, म्हणून चार बोलले. घरी येऊन आयजवल रडले. आय बोलली, जेव आदी, मग रड. मग जेवले.

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी आठ सांगितलं. हा मार्चमधला आकडा होता, पण खाणं चालू असतानाचा तोच शेवटचा खरा आकडा.

मॅडम म्हणाल्या, आठ-नऊ पहिल्या वर्षात होतातच, मी काही म्हटलं होतं का? तुम्हाला जेवायला सांगितलं होतं. सुलूला हसू आवरेना. बाहेर ऐकू गेलं असणार.

म्हणजे दीड महिना मी ज्या काट्यावरून स्वतःला जुळवत होते, तो माझ्याच चुकीच्या रीडिंगवरून जुळवलेला होता. अशी चूक एखाद्या ट्रेनीने केली असती तर मी त्याला पुन्हा साइटवर नेलं नसतं.

सर्टिफिकेट नाही. पुढची तारीख जूनमध्ये. ऑफिसला कळवलं. त्यांनी चेणे आणि बाकीच्या साइट्स कायमच्या अभिनवच्या नावावर केल्या. जूनमध्ये मला 'काय शिल्लक असेल ते' मिळेल. अभिनवचा मेसेज आला, गेट वेल सून मॅम. खाली फुलांचा गुच्छ.

जाताना सुलू म्हणाली, रविवारी घरी ये, आय जेवायला बोलावतेय. मी म्हटलं, बघते.

२६ एप्रिल
गेले. जेवायला नव्हे, आईने ऐकलं नाही म्हणून. तिने खिशात गोळ्या आणि सलाइनच्या पावडरीची पाकिटं कोंबली आणि बसस्टॉपपर्यंत आली.

वाटेत मुर्ध्याला घाईने बसमधून उतरावं लागलं. नव्या टॉवरच्या सेल्स ऑफिसमध्ये शिरले, टू बीएचके बघायचाय सांगितलं. सॅम्पल फ्लॅटचं बाथरूम नुसतं दाखवायचं होतं, ऑफिसचं चालू होतं. तिथला मुलगा तेव्हापासून तीनदा फोन करून विचारतोय, मॅडम, पसंद आया क्या?

सरोजामावशी, म्हणजे सुलूची आई, काही विचारत नाही, वाढते. मऊ भात, बिनतिखटाचं कालवण, मासळीचे काटे तिने हाताने काढलेले. मी अर्धं ताट म्हटलं. ती म्हणाली, अर्धा ताट आमच्यात मांजरीला घालतान. मी दोन ताटं जेवले. सुलू तीन. हे मी मोजलं नाही, दिसलं.

अंगणात बसलो. बांबूंवर बोंबील वाळत होते. सुलू म्हणाली, तुझी नोकरी बरी, एसीत. मी म्हटलं, वजनकाट्याला एसी नसतो. ती म्हणाली, माज्या तराजूलापण नसतो. बोलण्यासारखं आणखी काही असेल असं वाटत होतं, पण तेवढ्यात दोघी एकदमच उठलो.

घरात संडास एक. मागच्या बाजूला. सुलू घरची, मी पाहुणी, पण दाराजवळ मी होते. मी आधी पोहोचले.

बाहेरून सुलू दार वाजवत होती, ए बाय, लवकर कर, माजा काय खरा न्हाय. सरोजामावशी तिला म्हणाली, जा शेजारी, पाहुणी हाय ती.

माझं काम झालं होतं. तरी मी आणखी थोडी बसले.