पिवळ्या पट्टीचे मशीन परत न पाठवण्याबाबत

प्रति,
मा. प्रमुख वैद्यकीय अधिकारी,
डायलिसिस विभाग, नदीकाठ आरोग्य केंद्र,
सान्ता ओफेलिया, लोरेतो, पेरू.

विषय : स्वतंत्र मशीन शनिवारच्या बोटीने परत न पाठवण्याबाबत.

संदर्भ : आपली फलकावरील सूचना, दि. ३ जून. ('हिपॅटायटिस बी असलेला एकही रुग्ण नोंदीत नसल्याने पिवळ्या पट्टीचे मशीन परत करण्यात येत आहे.')

महोदय,

१. अर्जदार लिसार्दो मुरायारी, वय ५८, निवृत्त आरोग्य प्रचारक, दर सोमवारी, बुधवारी व शुक्रवारी सकाळच्या पाळीत चार नंबरच्या मशीनवर असतो. बाजारातल्या कर्ण्यावरून "शेजाऱ्यांनो, लाजू नका, रक्त तपासून घ्या" अशी जी फीत अकरा वर्षे वाजते आहे, तो आवाज अर्जदाराचाच.

२. सूचनेतील मजकूर चुकीचा आहे. असा एक रुग्ण आहे आणि तो अर्जदार आहे.

३. नऊ वर्षांपूर्वी इकितोसला रक्तदानाच्या वेळी हे कळले. हा रोग पुष्कळांना आईकडूनच जन्मतः येतो, हे अर्जदारानेच गावाला शिकवले होते. तरी 'मास्तर बायकांच्या नादी लागले' असे गाव म्हणेल, या भीतीने कागद दडवला. पुढे पाय सुजले, लघवीला फेस येऊ लागला. डॉक्टरीणबाईंनी विचारले, "आधी काविळीचं काही?" अर्जदार म्हणाला, "छे." त्या बिचाऱ्या साखर शोधत राहिल्या. हा विषाणू मूत्रपिंडही खातो आणि त्यावर औषध आहे, हे माहीत असून तोंड उघडले नाही. केसपेपरवर 'कारण अज्ञात' असे आहे. कृपया दुरुस्ती व्हावी.

४. मार्चमधील रक्ततपासणीला अर्जदाराचे ओळखपत्र घेऊन आतेभाऊ नील्तोन बसला. तो म्हणाला, "दादा, रक्त माझं, नाव तुझं. देवाला तरी काय पत्ता लागणार?" नील्तोन भोळा आहे. त्याला व परिचारिकांना दोष नसावा.

५. इथून पुढे 'अर्जदार' या शब्दाआड लपणे मला जमत नाही. माझ्यानंतर दुपारी त्याच मशीनवर मासेवाल्या डोमितिलाबाई बसतात. त्यांचा लशीचा तिसरा डोस अजून आलेला नाही. पाळी बदलताना दर वेळी म्हणतात, "काय मास्तर, खुर्ची गरम करून ठेवलीत ना?" आणि मी हसतो. मशीन धुतले जाते, कदाचित त्यांना काही झाले नसेलही. पण तीन महिने मी हसतो आहे, याची मला फार लाज वाटते.

६. सूचना वाचून मंगळवारी मी त्यांच्या घरी सांगायला गेलो. त्यांनी पानात भाजलेला मासा वाढला, माझ्यासाठी मुद्दाम बिनमिठाचा. तो खाऊन परत आलो. बुधवारी पुन्हा चार नंबरवर बसलो, पुन्हा हसलो. म्हणून हा अर्ज.

७. तरी पिवळ्या पट्टीचे मशीन परत पाठवू नये व उद्यापासून मला त्यावर घ्यावे. त्या मशीनची खोली बाहेरच्या बाकांवरून सगळ्यांना दिसते, पडदा ओढू नये. डोमितिलाबाईंचे रक्त उद्याच, त्या खुर्चीत बसण्याआधी, तपासावे. तपासणीचे कारण त्यांना मीच सांगेन, आपण फक्त समोर उभे राहावे, म्हणजे मी पुन्हा परत फिरणार नाही. ऐकून त्या मला जे काही बोलतील, ते त्यांना पूर्ण बोलू द्यावे.

आपला शरमिंदा,
(सही)
लिसार्दो मुरायारी
गुरुवार, ६ जून

सोबत : इकितोसचा मूळ अहवाल, एक प्रत. घड्यांवर फाटला आहे, पण नाव वाचता येते.