जानकीच्या शाळेचं राष्ट्रगीत

चारकोप, ४ एप्रिल २०२४

ती. रत्नप्रभा आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर जानकीचा विषय निघाला की मला रडू येतं, म्हणून पत्र. तू विचारलंस, मुंबईत एवढ्या शाळा, मग ऐकू न येणाऱ्या पोरीला एक मिळेना? मिळतात गं, पण प्रत्येकीची तऱ्हा वेगळी. सेक्टरच्या तोंडावरची काचेची शाळा केंद्राच्या बोर्डाची, फी भरमसाट. अशा मुलांसाठी आमच्याकडे शिक्षक नाहीत म्हणाले. जानकीचा बाबा निलेश शिकला ती अनुदानित, म्हणजे शिक्षकांचा पगार सरकार देतं. बाईंनी जानकीला जवळ घेतलं, पण वर्ग खचाखच. महापालिकेची शाळा फुकट. एकाच इमारतीत मराठी, हिंदी, उर्दूचे वर्ग. मुख्याध्यापकांनी लगेच हो म्हटलं, पण पार्ल्यातली कर्णबधिर मुलांची शाळा आधी बघा म्हणाले. माझं मन धजत नाही. काय करू?

तुझी भाची,
शुभा

मालवण, १२ एप्रिल

चि. शुभास अनेक आशीर्वाद.

मी जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत चार इयत्ता एका खोलीत शिकवल्या. शाळांचे एवढे प्रकार वाचून थक्क झाले. पण मुक्यांच्या शाळेत नको गो बाय. चारचौघांत वाढू दे. तिथे गेली की बोलायची उरलीसुरली आशा जाईल, याची मला भीती वाटते.

आंबे धाडलेत. जावईबापूंनी एकट्याने संपवू नयेत.

तुमची काळजी करणारी,
आत्या

चारकोप, ३० जून

ती. आत्यास सा. न.

तुझं ऐकलं नाही, रागावू नकोस. शाळा उघडल्या त्या दिवशी महापालिकेच्या शाळेत निघालो होतो. वाटेत निलेश म्हणाला, एकदा पार्ल्याची बघू तर.

पोचलो तेव्हा राष्ट्रगीताची वेळ. मुलं ताठ उभी. मी आवाजाची वाट बघतेय, तर आवाज आलाच नाही. अख्खं पटांगण हातांनी राष्ट्रगीत म्हणत होतं, एका लयीत. जानकी माझं बोट सोडून शेवटच्या रांगेत जाऊन उभी राहिली आणि पुढच्या मुलीचे हात बघत स्वतःचे हलवू लागली. निलेश म्हणाला, आता काय विचारायचं राहिलंय?

तिथे खुणाही शिकवतात आणि कानाला यंत्र लावून बोलायलाही. प्रत्येकाला खुणेचं नाव असतं. जानकीला खळी पडते, म्हणून मुलांनी तिचं नाव ठेवलं गालावर बोट. काल घरी आली, माझ्यासमोर उभी राहिली, स्वतःकडे दाखवलं आणि गालाला बोट लावलं. पोरीने मला पहिल्यांदा स्वतःचं नाव सांगितलं गं!

राग गिळ, माया ठेव.
शुभा

मालवण, ८ जुलै

चि. शुभास आशीर्वाद.

राग कसला? इतकी वर्षं पोरांना गप्प बसा म्हणून ओरडले. अशा शांततेतही शाळा भरते, हे मला ठाऊक नव्हतं. गणपती झाले की येते. माझे हात म्हातारे, पण शिकेन.

आज आरशासमोर उभी राहिले आणि गालाला बोट लावलं. आपल्या नातीला, तिला कळेल अशी हाक, मी आज पहिल्यांदा मारली.

तुम्हा तिघांची,
आत्या